थंडीच्या तोंडावर अंथरलेलं लॉन: निफाड तालुक्यातल्या ३ गुंठ्यांची हकिकत

२० नोव्हेंबरला सकाळी निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांचा फोन आला. "ताई, लॉन पिवळं पडायला लागलंय. ११ डिसेंबरला पोरीची हळद आहे. काय मारू ते सांगा." ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत सतत काही ना काही फवारायचं असतं, त्यामुळे बागायतदाराच्या तोंडी हा प्रश्न सवयीने येतो. मी त्यांना म्हटलं, "दादा, मी येईपर्यंत काहीही मारू नका, आणि पाणीही बंद ठेवा." पाणी बंद म्हटल्यावर ते पलीकडे गप्पच झाले.

नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांत मी लॉनची आणि बागेची कामं करते. नव्या लॉनची हिवाळ्यापूर्वी होणारी आबाळ दर वर्षी कुठे ना कुठे दिसते. पण तिची सगळी कारणं एकाच अंगणात एकत्र पाहायला मिळाली ती इथे, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

जागा अशी. नवा दुमजली बंगला, उंची साधारण २४ फूट. त्याच्या तिन्ही बाजूंनी मिळून ३ गुंठे लॉन. दक्षिणेला दर्शनी भाग दीड गुंठ्याचा, दिवसभर उन्हात. पूर्वेला एक गुंठ्याचा पट्टा. बांधकामाच्या वेळी खडी-वाळूचा ट्रॅक्टर इथूनच ये-जा करायचा. उत्तरेला, घराच्या पाठीशी, भिंतीपासून २५ फूट रुंद असा अर्ध्या गुंठ्याचा तुकडा. मूळ जमीन काळी, भारी. तिच्यावर बांधकामातला मुरूम दाबून बसवलेला, त्यावर जेमतेम २ इंच लाल माती, आणि तिच्यावर 'मेक्सिकन' नावाने विकतात त्या गवताचं कार्पेट, म्हणजे मातीसकट कापून आणलेले गवताचे तुकडे. तुकडे लांबून ट्रकने आले होते आणि उतरवल्यावर थप्पीतच दोन दिवस पडून राहिले होते. थप्पीतलं गवत आतून तापतं. मधल्या तुकड्यांच्या कडा तेव्हाच पिवळ्या होत्या, असं घरच्यांनी सांगितलं. २६ ऑक्टोबरला लॉन अंथरून झालं.

म्हणजे थंडीला उरले होते तीन-चार आठवडे.

मी गेले तेव्हा दादा औषधाच्या टाकीपाशीच उभे होते. त्यांच्याकडून सगळा क्रम काढून घेतला. पहिल्या दिवसापासून स्प्रिंकलर रोज तीन वेळा चालू, त्यातली एक वेळ संध्याकाळी सातची. १४ नोव्हेंबरला तिन्ही गुंठ्यांवर मिळून १० किलो युरिया हाताने फेकलेला. १७ तारखेला एकसारखं दिसावं म्हणून मशीन अगदी खाली लावून कटिंग, पाऊण इंचावर.

"युरिया कुणी सांगितला?" मी विचारलं.

त्यांचा पुतण्या न्यू जर्सीत असतो. व्हिडिओ कॉलवर त्याला लॉन दाखवलं तेव्हा तो म्हणाला, काका, आमच्याकडे हिवाळ्याआधीच खत देतात, तेच खत सगळ्यात महत्त्वाचं. पुतण्या खोटं बोलला नव्हता. त्याच्या अंगणात केंटकी ब्लूग्रास किंवा फेस्क्यूसारखं थंड हंगामातलं गवत असणार. ते १५ ते २४ अंशांत जोमाने वाढतं. थंडी पडली की त्याची पात थांबते, पण मुळं जमीन गोठायला येईपर्यंत चालू राहतात. म्हणून तिथे सप्टेंबर-ऑक्टोबर हा लॉन लावायचा चांगला काळ, आणि शरद ऋतूतला नत्र त्या गवताच्या मुळात साठतो. आपलं मेक्सिकन झोयशिया कुळातलं, आपली हरळी आणि तिच्यातून निवडलेलं 'सिलेक्शन नंबर वन' ही सगळी गरम हंगामातली गवतं. हवा २७ ते ३५ अंशांत असली की ती धावतात. जमीन १८ अंशांच्या खाली गेली की मुळांचं काम मंदावतं, आणि १० च्या आसपास पात रंग सोडून झोपी जाते. अशा गवताला नोव्हेंबरच्या मध्यावर युरिया दिला तर ते कोवळी पात काढतं. त्या पातीसाठी लागणारी साखर जमिनीखालच्या खोडांतून उचलली जाते, आणि ती साखर थंडीतून तगून फेब्रुवारीत फुटण्यासाठी ठेवलेली असते.

मी दादांना बागेच्या भाषेत, द्राक्षवेलीच्या फांदीचं म्हणजे काडीचं उदाहरण देऊन सांगितलं: काडी पिकायच्या वेळेला तुम्ही नत्र देता का? "नाही हो, काडी कच्ची राहील." मग ही काडीच समजा, फक्त जमिनीत पुरलेली. एवढ्यावर त्यांना सगळं कळलं. युरियाचा विषय त्यानंतर मला पुन्हा काढावा लागला नाही. मात्राही जास्त होती. ऐन जूनमध्ये मी गुंठ्याला एक किलो देते. इथे थंडीच्या तोंडावर तिप्पट पडला होता. ओल्या पातीला दाणे चिकटले होते तिथे करपलेले ठिपके स्पष्ट दिसत होते.

नव्या लॉनची खरी स्थिती वरून कळत नाही. कार्पेटचा कोपरा दोन बोटांत धरून हळू वर ओढावा लागतो. दक्षिणेला मी पाच ठिकाणी ओढून पाहिलं. कोपरा जेमतेम अर्धा इंच उचलला गेला आणि मग अडला. चाकूने छोटा चौकोन कापून बाहेर काढला तर लाल मातीत उतरलेली पांढरीशुभ्र मुळं, दीड-दोन इंच लांब. हा भाग जगणार होता.

पूर्वेला कोपरा धरला आणि आख्खा तुकडा गोधडीसारखा हातात आला. खालची बाजू गुळगुळीत, चिकट, आंबूस वासाची. मुळं होती ती कार्पेटच्या स्वतःच्या एक इंच मातीत गोल फिरून तपकिरी झालेली. खाली सळई रोवून पाहिली, दोन इंचांवर ठक्क. ट्रॅक्टरने दाबलेल्या मुरुमात पाणी मुरत नव्हतं, ते कार्पेट आणि मुरुमाच्या मध्ये साचून राहत होतं. पाणी साचलं की हवा नाही, आणि हवा नाही तिथे मूळ उतरत नाही. लॉन अंथरण्याआधी तो मुरूम टिकावाने फोडून काळ्या मातीशी आणि कुजलेल्या शेणखताशी कालवला असता तर हे टळलं असतं. एका दिवसाच्या मजुरीचं काम होतं ते.

उत्तरेचा तुकडा पाहून मला खरंच वाईट वाटलं, कारण तिथे कुणाच्याच हातात काही नव्हतं. ऑक्टोबरच्या शेवटी निफाडमध्ये दुपारचा सूर्य साधारण ५८ अंशांवर असतो. २४ फुटी घराची भर दुपारची सावली तेव्हा १५ फूट पडते. अंथरताना २५ पैकी १० फुटांवर ऊन होतं, त्यामुळे 'ऊन आहे की' असं वाटलं. २२ डिसेंबरला हाच सूर्य साडेसेहेचाळीस अंशांवर उतरतो आणि सावली २३ फुटांपर्यंत जाते. थंडी वाढते आणि सावली सरकत येते, दोन्ही एकाच वेळी. सकाळी आठला दोन इंच खोलीवर थर्मामीटर लावला, तर दक्षिणेला १९ अंश आणि उत्तरेला १६. एकाच अंगणात दोन ऋतू चालू होते.

दादांच्या आईंनी, सगळे त्यांना आजी म्हणतात, मला एक गोष्ट दाखवली. दक्षिणेच्या दगडी ओट्याला लागून हातभर रुंदीची पट्टी बाकीच्या लॉनपेक्षा गडद हिरवी होती. "इथं भिंत रातची ऊब सोडते," त्या म्हणाल्या, "माझी तुळस पण इथंच चांगली राहती." त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं.

मग सगळ्यात अवघड बोलणं झालं. हळदीचा मांडव लॉनवर घालायचा बेत होता. खाली चटया, वर मंडप, तीन दिवस. मी म्हटलं, तीन दिवस झाकलेलं नवं गवत थंडीत पुन्हा उठत नाही. दादांचा चेहरा उतरला. "मग लॉन केलं कशाला, ताई? त्याच्यासाठीच तर घाई केली." या प्रश्नाला माझ्याकडे शास्त्रातलं उत्तर नव्हतं. पोरीच्या लग्नासाठी माणूस अंगण सजवतो, त्याला फेब्रुवारीची आशा दाखवून भागत नाही. शेवटी असं ठरलं की मांडव मागच्या खळ्यात घालायचा, आणि हळद लावायची दक्षिणेच्या उन्हातल्या भागावर: सकाळी ११ नंतर, दव सुकल्यावर, दोन तास, अनवाणी, खुर्च्या न टाकता. तो भाग तेव्हा हिरवा दिसेल एवढं मी कबूल केलं. पूर्वेचा आणि उत्तरेचा शब्द दिला नाही.

कुणीतरी त्यांना राय गवताचं बी फेकायला सुचवलं होतं. हे बी थंडीत झटपट उगवतं, आठ-दहा दिवसांत हिरवं दिसतं. मुरलेल्या लॉनवर ते चालतं. नव्या लॉनवर मात्र तेच ऊन-पाणी-अन्न राय खातं, आणि फेब्रुवारीत मेक्सिकन जागं होतं तेव्हा त्याच्या डोक्यावर राय गवताचं रान उभं असतं. ते मी होऊ दिलं नाही. दुसरी गोष्ट मजुराच्या हातातून काढून घेतली. रुंद पानाच्या तणासाठी तो दुकानातून टू-फोर-डी हे तणनाशक घेऊन आला होता. द्राक्षवेलीला त्याचा नुसता वारा लागला तरी पानं पंख्यासारखी आखडतात, आणि बाग कुंपणापलीकडे ४० फुटांवर, मणी धरण्याच्या अवस्थेत. द्राक्षपट्ट्यात लॉनचं तण खुरप्यानेच काढायचं, याला मी कधीही अपवाद करत नाही.

आता तीन आठवड्यांत काय केलं ते.

पाणी तीन दिवस पूर्ण बंद ठेवलं. मग दक्षिणेला दर चौथ्या दिवशी एकदा, सकाळी नऊ-दहाच्या दरम्यान, सळई चार इंच सहज आत जाईल इतकं भरपूर. पूर्वेला हा नियम लावला असता तर गवत वाळलं असतं, कारण तिथली मुळं वरच्या एक इंचातच होती. तिथे दिवसाआड नळीने हलकं पाणी. एका लॉनला दोन वेळापत्रकं म्हटल्यावर गडी वैतागला, पण दुसरा मार्ग नव्हता. संध्याकाळचं पाणी कायमचं बंद. नोव्हेंबरमध्ये दव पडतंच, त्यात संध्याकाळचं पाणी आलं की पात चौदा-पंधरा तास ओली राहते. पूर्वेला पहाटे पातीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी दिसायची, ती पाण्याची वेळ बदलल्यावर आठवड्यात गेली. बुरशीनाशक वापरलं नाही. आजी आणि त्यांचा नातू रोज सकाळी एक दोर दोन टोकांनी धरून लॉनवरून ओढायचे, म्हणजे दव झटकलं जाऊन पात लवकर सुकते. नातवाला त्यात फार मजा यायची.

पूर्वेच्या पट्ट्यावर दहा मिलिमीटरची सळई सरळ खाली ठोकून वीतभर अंतरावर भोकं पाडली, मुरुमाच्या पार. सळई तिरकी झाली तर तुकडा सरकतो, म्हणून पायाने दोन्ही बाजू दाबून ठेवायच्या. भोकांत जाड वाळू भरली, वरून रिकामा रोलर एकदा फिरवला. कार्पेट आणि माती यांच्यात पोकळी राहिली तर मूळ हवेत लोंबतं.

खतं दादांच्या कोठारातच होती. झिरो बावन्न चौतीस, म्हणजे नत्र नसलेलं स्फुरद-पोटॅशचं खत, गुंठ्याला अर्धा किलो, १०० लिटर पाण्यात कालवून, एकदाच, मुळांसाठी. झिरो झिरो पन्नास, म्हणजे पोटॅशचं खत, गुंठ्याला एक किलो, अर्धं २४ नोव्हेंबरला आणि अर्धं ४ डिसेंबरला. पोटॅशने पेशीतला रस घट्ट होतो आणि थंडी सोसायची ताकद येते, हे बागायतदाराला वेगळं सांगावं लागत नाही. उत्तरेच्या तुकड्याला काहीच दिलं नाही. ऊनच नसेल तर खत खाणार कोण?

कटिंग पूर्ण थांबवलं. थंडीपूर्वी पात दोन इंचांपर्यंत वाढू द्यावी. तिची सावली जमिनीवर पडते, रात्री ऊब धरून राहते, आणि थोडं ऊन मिळालं तरी अन्न तयार करायला पान शिल्लक असतं.

७ डिसेंबरला हळदीसाठी म्हणून एक फवारणी केली: फेरस सल्फेट, लिटरला ३ ग्रॅम, फक्त दक्षिणेच्या भागावर. काळ्या जमिनीतल्या चुनखडीमुळे गवताला लोह मिळत नाही आणि ते फिकट दिसतं. पानावरून लोह दिलं की दोन दिवसांत रंग गडद होतो, आणि युरियासारखी वाढ मात्र सुटत नाही. ओट्याची नवी फरशी आधी प्लास्टिकने झाकून घेतली, कारण लोहाचा गंजट डाग फरशीवरून निघत नाही.

हळद छान झाली. गवतावर पिवळे डाग दोन दिवस दिसत होते, आणि आजींनी ते धुऊ दिले नाहीत.

खरी थंडी त्यानंतर आली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बागेतल्या हवामान यंत्रावर पहाटे साडेचार अंश दिसले. हे आकडे जमिनीपासून चार-पाच फुटांवरचे. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची पात त्याहून तीन-चार अंशांनी थंड होते. त्या सकाळी लॉनवर दव गोठून पांढरं झालं होतं. निफाड-कुंदेवाडीच्या पट्ट्याला हे नवं नाही. अशा रात्री बागेत शेकोट्या पेटतात, पहाटे बोअरचं पाणी सोडतात. दादांनी विचारलं, स्प्रिंकलर लावू का? मी सांगितलं, पहाटे पातीवर पाणी नको. थंडीची लाट यायच्या आदल्या सकाळी जमीन ओली करून ठेवा. ओली जमीन दिवसभराची ऊब कोरड्या जमिनीपेक्षा जास्त साठवते आणि रात्री सावकाश सोडते.

आजींनी त्यांच्या मनाने एक उपाय केला. बागेत घड झाकायला आणलेल्या जुन्या साड्यांचे गठ्ठे पडले होते. संध्याकाळी सहाला त्यांनी पूर्वेच्या पट्ट्यावर त्या अंथरल्या आणि सकाळी साडेआठला ऊन पडल्यावर काढल्या. मी थर्मामीटर एक साडीखाली, एक उघड्यावर ठेवून पाहिला. साडीखाली अडीच अंश जास्त होते. प्लास्टिक असतं तर आतून घाम सुटून पात करपली असती. साडीतून हवा खेळते. सहा रात्री त्यांनी हे केलं, आणि पूर्वेचा पट्टा वाचला त्यात या साड्यांचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे.

एक नुकसान मात्र त्याच आठवड्यात झालं. दूध काढायला गोठ्याकडे जाणारा गडी दव गोठलेलं असताना दक्षिणेच्या लॉनवरून सरळ चालत गेला. तेव्हा काही दिसलं नाही. दोन दिवसांनी फाटकापासून गोठ्यापर्यंत पावलांचे ठसे उमटले, आधी काळपट, मग तपकिरी, एकेका बोटासकट. गोठलेल्या पानातला बर्फ पायाखाली पेशी फाडतो. खालची खोडं शाबूत होती, तरी ते ठसे फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत गेले नाहीत.

जानेवारीत सगळं लॉन गवताळ बदामी रंगाचं झालं आणि दादांचे तीनदा फोन आले. मेलंय का झोपलंय, हे ओळखायची रीत सोपी आहे: जमिनीलगतचं आडवं खोड नखाने खरवडायचं. आत पांढरट-हिरवं आणि टणक असलं तर जिवंत, तपकिरी आणि दोरीसारखं पोकळ असलं तर गेलं. त्यांनी फोनवर बोलता बोलताच खरवडून पाहिलं. या महिन्यात दर १० दिवसांनी एक पाणी, एवढंच काम. झोपलेल्या गवताला खत देऊ नये आणि तहानेनेही मारू नये.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळची जमीन २० अंशांवर आली आणि दक्षिणेला हिरवे कोंब दिसले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिथे गुंठ्याला अर्धा किलो युरिया, पाण्यात विरघळवून. होळीच्या सुमारास पहिलं कटिंग, दीड इंचावर. पूर्वेचा साधारण तीन चतुर्थांश भाग परत आला. उरलेल्या जागी मी तुकडे लावले नाहीत, कारण मेक्सिकन पावसाळ्यात आपणच धावून ती भरून काढील. उत्तरेचं जवळजवळ सगळं गेलं.

लॉन कधी लावावं याचा विचार मी आता फक्त रात्रीच्या तापमानावरून करते. मुंबई, कोकण, गोव्यात हिवाळा इतका सौम्य असतो की नोव्हेंबरमध्ये लावलं तरी गवत थांबत नाही. नाशिक, निफाड, जळगाव, पुण्याचा मोकळा भाग किंवा विदर्भात मात्र सप्टेंबरच्या मध्यानंतर मी नवं काम घेत नाही. मुळांना किमान सहा ते आठ उबदार आठवडे हवेत. लग्न असेल तर त्या भागापुरतं कुंड्यांनी अंगण सजवून देते.

उत्तरेच्या तुकड्याचं काय करायचं यावर दादा आणि मी मार्चमध्ये तिथेच उभं राहून बोललो. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा याच तुकड्यावर दिवसभर ऊन असतं. त्यामुळे भिंतीलगतच्या आठ फुटांत शहाबादी फरशीची पायवाट, आणि पुढच्या सतरा फुटांत मुरूम फोडून, शेणखत कालवून, जूनच्या पहिल्या पावसाला मेक्सिकन लावायचं ठरलं. मग त्याला ऑक्टोबरपर्यंत चार महिने मिळतील. बोलणं झाल्यावर दादा पूर्वेच्या पट्ट्यापाशी गेले, नोव्हेंबरात मी उचलला होता तोच कोपरा त्यांनी दोन्ही हातांनी धरून ओढला. पाती तुटून मुठीत आली. कार्पेट हललं नाही.